पारूबाईचं भरलेलं पोतं

एका जंगलात, मुलांनो, बिळं आधी झाली आणि कायदे मागाहून आले. त्यामुळे काय झालं ते ऐका.

त्या जंगलाच्या राजाकडे, म्हणजे सिंहमहाराजांकडे, त्यांचे मेहुणे दोन दिवसांसाठी म्हणून आले होते. आले ते उन्हाळाभर राहिले. राणीसाहेबांना तोंडावर सांगायची महाराजांना हिंमत होईना. मग त्यांनी साऱ्या जंगलासाठी कायदाच काढला. कोणाच्याही घरी पाहुणा तीन दिवसांच्या वर राहता कामा नये. राहिला तर त्या घराच्या तोंडावर दगड लोटण्यात येईल.

कायदा नीट पाळला जातो की नाही ते बघायला एक मोठा अधिकारी हवा होता. त्या जागी मेहुण्यांनाच नेमलं. नोकरी गुहेतच असल्यामुळे त्यांना गुहा सोडता येईना.

असो. आपली गोष्ट पारूबाईची आहे.

पारूबाई मुंगसाच्या जातीची. नवरा मागेच वारलेला. टेकडीच्या उतारावर तिचं नीटनेटकं बीळ होतं. कायदा आला तेव्हा ती दारात नाचणीचे पापड वाळवत बसली होती. तिनं तो ऐकला आणि पापड उलटले. तिच्याकडे कुठे कोण पाहुणे येत होते?

पण पावसाळ्याच्या तोंडावर तिची लेक छबी आली. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तर रीतच. छबी पोट सांभाळत आत शिरली आणि पाठोपाठ बगळे भाऊसाहेब दारात येऊन एका पायावर उभे राहिले. नोंदी करायचं काम त्यांच्याकडे होतं.

"ही कोण?"

"माझी लेक, भाऊसाहेब."

"घरातली की पाहुणी?"

"अहो, माहेरवाशीण आहे."

भाऊसाहेबांनी वही वरपासून खालपर्यंत पाहिली. "घरातले, पाहुणे आणि साठवण. तीनच रकाने आहेत. माहेरवाशीण असा रकाना नाही. पाहुणी लिहितो. तीन दिवस."

"आणि चौथ्या दिवशी हिला कळा सुरू झाल्या तर?"

"ते सासरी कळवा," भाऊसाहेब म्हणाले आणि उडून गेले.

पारूबाईला घास गोड लागेना. सासर नदीपलीकडे, आणि नदीला पाणी चढलेलं. लेकीला घालवावं कुठे, आणि ठेवावं तर बिळावर दगड! तिनं शेजारच्या साळिंदराच्या घरी जाऊन साळूकाकूंपुढे रडून घेतलं.

"रडतेस काय, वेडे!" साळूकाकू म्हणाल्या. "साठवणीला मुदत किती?"

"पावसाळाभर."

"मग लेक साठव की!"

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले तेव्हा पाहुणी गेलेली होती. कोपऱ्यात गोणपाटाचं एक टम्म पोतं उभं होतं.

"काय आहे यात?"

"नाचणी आहे जी."

भाऊसाहेबांनी चोचीनं टोचून पाहिलं.

"आई गं!" पोतं म्हणालं.

"पोतं बोलतं?"

"पावसाची हवा," पारूबाई घाईघाईनं म्हणाली. "ओल धरली की कुरकुरतं."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. वहीत लिहिलं : पोतं एक, भरलेलं, कुरकुरणारं.

पाऊस पडत राहिला. श्रावणात छबी बाळंत झाली. चार पिल्लं झाली. पारूबाईनं तिला शेक दिला, अळिवाची खीर दिली. सव्वा महिना झाला, छबी हिंडूफिरू लागली. पिल्लं बिळभर धावू लागली. आणि पाऊस थांबला त्याच दिवशी भाऊसाहेब दारात हजर.

त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"पारूबाई, एका पोत्याची पाच पोती कशी झाली?"

पारूबाई पिल्लांच्या आडवी उभी राहिली.

"ही तर उघड उघड साठेबाजी आहे! आजच दगड मागवतो."

तेव्हा मात्र पारूबाईचा तोल सुटला. "कसली पोती घेऊन बसलात? डोळे आहेत की नाहीत? ही माझी नातवंडं आहेत. याच बिळात जन्मली. आणि ही माझी लेक, तीसुद्धा याच बिळात, याच कोपऱ्यात जन्मली!"

भाऊसाहेबांनी दुसरा पाय खाली टेकला. असं ते फार क्वचित करत. वही चाळून ते म्हणाले, "जो ज्या बिळात जन्मला, तो त्या बिळातला घरातला. कलम अकरा. मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"ठीक. लेक आणि चार पिल्लं, घरातली. दगड रद्द." पारूबाईनं हात जोडले. भाऊसाहेब लिहिता लिहिता थांबले. "आणि तुमचा जन्म कुठला?"

"माझा? बाभूळवनातला. लग्न होऊन आले मी इथे."

"म्हणजे तुम्ही पाहुण्या. तीन दिवस."

पारूबाईनं बिळाच्या भिंतीवरून हात फिरवला. हे बीळ तिनं नखं झिजवून मोठं केलं होतं. दर सणाला सारवलं होतं. आता इथून जायचं कुठे? बाभूळवनात तिचं कोणी उरलं नव्हतं.

छबी डोळे पुसत उठली. तिनं पाट मांडला. गूळ-पाणी आणून ठेवलं. "बस आई. पाहुणी आहेस तू."

"अगं, पण भाकऱ्या टाकायच्यात..."

"पाहुण्यांनी भाकऱ्या टाकायच्या नसतात. भाऊसाहेब, बरोबर ना?"

"कलम चौदा," भाऊसाहेब म्हणाले.

पारूबाई पाटावर बसली. पाटावर कसं बसतात तेच तिला आठवेना. या बिळात आल्यापासून तिनं पाट मांडलेच होते फक्त. तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तो पुरता विरघळेपर्यंत कोणी तिला हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती बिळाच्या मागच्या तोंडानं बाहेर पडली. काटेसावरीला एक वळसा घातला आणि पुढच्या तोंडानं आत आली.

"या, या! बऱ्याच दिवसांनी?" छबी म्हणाली.

भाऊसाहेबांनी लिहिलं : नवीन पाहुणी, दिवस पहिला.

घरातलं कोणी नसलं तर बीळ जप्त होतं, म्हणून छबीनं सासरी जाणं लांबवलं. मग जावईच इकडे आला. तोही पाहुणाच. आता दर चौथ्या दिवशी सासू-जावई दोघंही काटेसावरीला वळसा घालून येतात. जावई कुरकुर करतो. पारूबाई मात्र आदल्या दिवसापासूनच तयारीत असते.

तात्पर्य : मुलांनो, अन्यायी कायदा बदलायला उगीच धावू नये. आधी तो घरातल्या बाईला लागू होतो का, ते पाहावं. आणि आपल्याच घरात मान हवा असेल, तर दर तीन दिवसांनी घर सोडावं.