मधे थांबा नाही

रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी कंडक्टरांनी नोकरीभर भांडणे केली होती. "रुमालाला तिकीट काढलंय का?" असे विचारून ते सरळ रुमाल उचलत आणि उभ्या माणसाला बसवत. निवृत्त झाल्यावरही त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. बायकोसुद्धा. त्याच कंडक्टरांनी विमानात बसल्याबसल्या खिशातून निळा रुमाल काढला, झटकला आणि शेजारच्या खिडकीच्या जागेवर पसरला.

या रुमालाच्या जागेचे तिकीट मात्र काढलेले होते. माणूस नव्हता.

मुलगी परदेशात, पार पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. तिने दोन तिकिटे काढायचे ठरवले, तेव्हाच नवराबायकोचे वाजले होते.

"मधे कुठे थांबणारं घ्या की," बायको म्हणाली होती. "जरा उतरू, पाय मोकळे करू."

"जन्मभर दर दोन मिनिटांनी थांबलोय मी. एकदा तरी कुठेही न थांबता जाऊ दे."

"आणि मी सतरा तास तुमच्याशेजारी? मला मधेच उतरावंसं वाटलं तर?"

"उतरता येत नाही. तीच तर मजा आहे."

ती हरली, पण तयारीला लागली. लांबच्या विमानात पाय सुजतात असे कुणीतरी सांगितले म्हणून तिने एक नंबर मोठ्या चपला आणल्या. सराव म्हणून दुपारभर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पट्टा बांधल्यासारखी बसून राहायची, आणि कंडक्टरांना चहा करायला लावायची. "सध्या मी विमानात आहे," म्हणायची. "हाक मारली की यायचं."

मग दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी तिचे हृदय थांबले. तिकीट रद्द करायचे राहिले. खरे तर राहिले नाही, कंडक्टरांनी केले नाही. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने "दुसऱ्या प्रवासी?" असे विचारले, तेव्हा त्यांनी फक्त नाही अशी मान हलवली. तिने यंत्रात काहीतरी दाबले आणि म्हणाली, "पुढे व्हा." कंडक्टर पुढे झाले. पिशवीत त्या मोठ्या चपला होत्या. त्या त्यांनी खिडकीच्या जागेखाली जोडीने ठेवल्या.

विमान वर गेले. पट्टे सुटले. मागच्या रांगेतून एक उंच माणूस वाकून आला. त्याची जागा मधली होती, आणि त्याचे गुडघे बसल्यावर हनुवटीला लागत होते.

"काका, ही जागा मोकळी आहे का हो?"

"नाही. बायकोची आहे."

"कुठंयत काकू?"

कंडक्टरांनी रुमालाची सुरकुती सरळ केली. दोन महिने त्यांनी तो शब्द तोंडातून काढला नव्हता. शेजारपाजाऱ्यांना आपोआप कळले होते, मुलीला मेव्हण्याने फोन केला होता. आता ढगांच्या वर, एका अनोळखी माणसासमोर, तो पहिल्यांदा निघाला.

"गेली."

"असं होय! मग येतीलच आता," उंच माणूस म्हणाला, मागच्या संडासाकडे एक नजर टाकली आणि पुन्हा आपल्या जागेत घडी होऊन बसला.

कंडक्टर बघतच राहिले. चूक दुरुस्त करायला त्यांनी तोंडही उघडले. पण 'येतीलच आता' असे दोन महिन्यांत त्यांना कोणी म्हटले नव्हते. ते वाक्य थोडा वेळ तसेच राहू द्यावे, असे त्यांना वाटले.

बसमध्ये ही गोष्ट पुढच्या थांब्यावर मिटली असती. विचारणारा तरी उतरला असता, नाहीतर ज्याला विचारले तो. इथे थांबाच नव्हता.

जेवणाची गाडी आली. होस्टेसने एक ट्रे ठेवला, तसा मागून आवाज आला, "अहो ताई, काकूंचा राहिला की! त्या आत गेल्यात." होस्टेस दमलेली होती. तिने दुसरा ट्रे ठेवला. कंडक्टरांनी आपला संपवला. दुसऱ्याला हात लावला नाही. तिला लागते म्हणून लोण्याची पुडी तेवढी बाजूला काढून ठेवली आणि मग आपण हे काय करतोय असे वाटून परत ट्रेमध्ये टाकली.

"काकूंचं जेवण गार झालं की हो," उंच माणूस सीटवरून डोकावला. "बऱ्या आहेत ना त्या?"

कंडक्टरांनी दुसऱ्या ट्रेचे झाकण नीट बसवले. त्याने उंच माणसाची काळजी वाढली. तो उठून मागे गेला आणि लगबगीने परत आला.

"काका, एक दार केव्हापासून आतून बंद आहे! रांगेतले लोक म्हणतायत, टकटक केली तरी ओ देत नाहीत!"

होस्टेस धावली. दारावर थापा पडू लागल्या. "काकू! काकू, ऐकू येतंय का?" रांगेतल्या एका चष्मेवाल्या बाईने मागे वळून ओरडून विचारले, "त्यांना काही त्रास होता का?"

"होता," कंडक्टर म्हणाले. "हृदयाचा."

खोटे बोलायचे नाही ही त्यांची सवय. त्या खऱ्या उत्तराने विमानाचा मागचा अर्धा भाग उभा राहिला. कोणी पाणी आणले, कोणी डॉक्टर आहेत का म्हणून ओरडले. कंडक्टर "अहो, ऐका तरी," म्हणत उठले, पण त्यांना चारचौघांनी खांदे धरून खाली बसवले. "तुम्ही शांत राहा काका. आम्ही आहोत ना."

होस्टेसने बाहेरून कडी सरकवून दार उघडले. आतून काखेत उशी आणि अंगावर पांघरूण घेतलेले एक जाडे गृहस्थ डोळे चोळत बाहेर आले.

"उतरायचं का?" त्यांनी विचारले.

"तुम्ही आत काय करताय?"

"झोपलो होतो. सगळ्या विमानात तेवढीच एक जागा आहे, जिथं कुणाचं कोपर लागत नाही."

रांगेने त्यांचा जो उद्धार केला तो बराच वेळ चालला. पण मुख्य प्रश्न राहिलाच. काकू कुठे? सगळे संडास बघून झाले. मग होस्टेसच्या वरच्या मोठ्या बाई प्रवाशांची यादी घेऊन आल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, या जागेवर कोणी चढलेलंच नाहीये. नोंद नाही."

"मग या चपला कुणाच्या?" उंच माणसाने वाकून जोड वर उचलला आणि सगळ्यांना दाखवला. "काकू अनवाणी फिरतायत!"

"ठेव त्या खाली," कंडक्टर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बदलला होता की उंच माणसाने चपला हळूच होत्या तशा जोडीने ठेवल्या.

मोठ्या बाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "काका, नोंद नसलेली व्यक्ती विमानात असली तर मला कॅप्टनना सांगावंच लागेल. कदाचित विमान मागे फिरवावं लागेल."

"मागे?" उंच माणूस कळवळला. "अहो, माझे गुडघे!"

'मागे' हा शब्द रांगेरांगेतून पुढे गेला. कोणी कपाळाला हात लावला, कोणाचे मूल रडू लागले. पाय पसरायला जागा नसलेली इतकी माणसे. एवढी वाट तशीच काढलेली, आणि आता ती पुन्हा उलटी काढायची. माणसे एवढी वैतागलेली कंडक्टरांनी भरलेल्या बसमध्येही पाहिली नव्हती. ते उठले. या वेळी कोणी त्यांना बसवले नाही.

"फिरवू नका," ते म्हणाले. "ती मधेच उतरली."

मोठ्या बाई कसनुशा झाल्या. "काका, विमान कुठे थांबलंच नाही."

"हे नाही. याच्या आधी. दोन महिने झाले."

मोठ्या बाईंनी हातातली यादी मिटली.

"म्हणजे गेल्या?" चष्मेवाल्या बाई हळूच म्हणाल्या.

"मी तेच सांगितलं होतं यांना."

उंच माणूस लाल झाला. "काका, मला वाटलं, गेल्या म्हणजे..." त्याने संडासाकडे बोट केले आणि ते अर्ध्यातच खाली घेतले.

पुढे जे झाले ते जास्त वाईट होते. घरी भेटायला येणाऱ्यांना कंटाळून कंडक्टर या प्रवासाला निघाले होते. आता सगळे विमान भेटायला येऊ लागले. चष्मेवाल्या बाईंनी आपल्या सासूचे शेवटचे आजारपण पहिल्यापासून सांगितले. संडासातले गृहस्थ उशीसकट आले आणि भावाच्या आठवणीने रडले. कंडक्टरांनाच त्यांना पाणी द्यावे लागले. घरी निदान पाहुणे उठून जातात. इथे जाणार कुठे? दोन पावलांवर बसायचे आणि नजरानजर झाली की पुन्हा मान हलवून सुस्कारा टाकायचे.

उंच माणूस मात्र आला नाही. तो मागे वाटेत उभा होता. एक पाय उचलायचा, टेकवायचा, मग दुसरा. खिडकीच्या जागेकडे बघायचेच नाही असे ठरवून समोरच्या पडद्याकडे बघत होता. पडदा बंद होता.

कंडक्टरांनी बराच वेळ सहन केले. पण गाडीत जागा रिकामी आणि माणूस उभा, हे त्यांना कधी बघवले नव्हते. त्यांनी रुमाल उचलला, घडी केली, खिशात ठेवला.

"ओ उंच! या, आत सरका."

"नको काका. काकूंची जागा आहे."

"तिला खिडकी लागायची. तुम्ही बाहेर बघत बसा म्हणजे झालं."

उंच माणूस बसला. बाहेर बघतो असे कबूल करून पुढच्याच क्षणी झोपला, आणि त्याचे डोके कंडक्टरांच्या खांद्यावर आले. जड डोके होते. घोरतही होता. कंडक्टर हलले नाहीत. खांद्यावर भार येऊन त्यांना दोन महिने झाले होते. विमान उतरेपर्यंत ते तसेच ताठ बसून राहिले.

त्याचा परिणाम पायांवर झाला. उतरायच्या वेळी बूट चढेनात. उंच माणसाने ओढून पाहिले, मोठ्या बाईंनी टाचेशी घालायला चमचा आणून दिला. पाय पावासारखे फुगले होते. शेवटी कंडक्टरांनी बूट पिशवीत टाकले आणि जागेखालच्या चपला पायांत सरकवल्या. टाचा थोड्या बाहेर राहिल्या, पण बसल्या.

बाहेर मुलगी उभी होती. तिने आधी बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग त्यांच्या मागे, कोणी येतेय का असे. सवयीने. मग खाली पाहिले.

"बाबा, या आईच्या..."

"हो. पाय सुजतात म्हणून तिनं आणल्या होत्या."

मुलीने डोळे पुसले आणि पिशवी घेतली. "प्रवास कसा झाला?"

"परतीचं बदलून घे. मधे थांबणारं काढ."

"का? तुम्हीच तर हट्ट धरला होता. आईशी भांडलात."

"पाय मोकळे करायचेत," कंडक्टर म्हणाले, आणि चपला फटफट वाजवत पुढे चालू लागले.