कंबरेचे पस्तीस गुण

केलगेरीला आमच्या शेजारी राहणारे बिंदूमास्तर रोज सकाळी कुंपणाशी येऊन आपल्या कंबरदुखीचे गुण जाहीर करत. शंभरपैकी. "आज बासष्ट! फर्स्ट क्लास. यप्पा, उभं राहवंना!"

मास्तर निवृत्त गणितशिक्षक, आणि गुण देण्यात महाकंजूष. दहावीच्या सहामाहीत मला त्यांनी चौतीसवर नापास केलं. आई रदबदली करायला गेली, तर म्हणाले, "वहिनी, एक गुण म्हणजे काय चिमूटभर साखर आहे काय?" पुढे मी गोकुळ रोडला नोकरीला लागलो, नव्वद साल उलटलं, तरी माझा राग काही गेला नव्हता.

कोप्पीकर रोडवरच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, "मास्तर, हाडं छलो आहेत, एकदम ठणठणीत. कंबर एकटी दुखत नसते, अख्खा माणूस दुखत असतो. चाला, वेळेवर झोपा, हसा, चार माणसांत बसा, मनातलं बोला."

मास्तरांनी लगेच वेळापत्रकच केलं. साडेसहाला तळ्याकाठी चालणं, साडेसातला हसणं. हसण्याच्या तासाला ते इतके गंभीर असत की दूधवाला दबकत पुढं जाई. चार माणसांत बसायचं म्हणून गल्लीतल्या चार दुखऱ्या कंबरा गोळा करून ओसरीवर आडव्या पाडल्या. "देसाई, गुडघा छातीशी! रस्त्यावर काय बघायला लागलाय?" 'मनातलं बोला' हा तास तेवढा रिकामा राहिला.

गुण मात्र घसरू लागले. पन्नास, चाळीस. "पस्तीसच्या खाली गेली की नापास! त्या दिवशी पेढे," मास्तरांनी जाहीर केलं. मी रोज कुंपणाशी हजर. पस्तीस आले आणि महिनाभर तिथंच अडकले. इकडे मास्तर भरल्या बादल्या उचलत होते!

"मास्तर, खरे गुण सांगा."

"एकोणतीस," ते ओशाळून म्हणाले. "वरचे सहा ग्रेस."

"ग्रेस? मला एक दिला नव्हता तुम्ही!"

मास्तर ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांची बायको, सुमाअक्का, शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. मास्तर तिला दोन्ही हातांवर उचलून न्हाणीत नेत.

"तिला उचलता उचलता धरली ही कंबर," ते म्हणाले. "साड्या वाटल्या, डबे वाटले. तिचं म्हणून एवढंच राहिलंय. हिला नापास कसं करू, सांग?"

मी पायरीवर त्यांच्या शेजारी टेकलो. मग बराच वेळ ते अक्कांबद्दलच बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुडा घेऊन कुंपणाशी आले. "अठ्ठावीस. नापास," ते म्हणाले. माझ्या हातावर त्यांनी दोन पेढे ठेवले.

"दुसरा तुझ्या चौतीसचा."