पहिला बरा की दुसरा?

नवा कॅमेरा घरात आला त्या दिवसापासून चष्मेवाल्यांनी बायकोच्या जुन्या कॅमेऱ्याला ‘साबणाची वडी’ म्हणायला सुरुवात केली. तसा तो होताही वडीएवढाच. चौदा वर्षांपूर्वीचा, चंदेरी, एका कोपऱ्याला पोचा आलेला आणि चालू केला की कुरकुरत तोंड बाहेर काढणारा. चौदा वर्षं त्याने घरातले सगळे फोटो निमूटपणे काढले होते आणि त्याबद्दल त्याला कोणी कधी शाबासकी दिली नव्हती. नव्याचं तसं नव्हतं. त्याने अजून एकही फोटो काढला नव्हता, पण त्याचं कौतुक सुरू होऊन आठवडा झाला होता.

“हा मिररलेस आहे. व्यावसायिक लोक वापरतात तो. म्हणजे आत आरसाच नाही,” चष्मेवाल्यांनी जेवताना सांगितलं.

“वडीत तरी कुठे आरसा आहे?” बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी पाण्याचा घोट घेतला. मुद्दा बरोबर होता, म्हणूनच तो त्यांना आवडला नाही.

वाद कॅमेऱ्याचा असला तरी त्याचं मूळ आईच्या एका मागणीत होतं. चष्मेवाल्यांचा धाकटा भाऊ अकरा वर्षांनी परदेशातून येणार होता, तोही दीड दिवसासाठी. बहीणही येणार होती. आईला तिन्ही मुलांबरोबर एक फोटो हवा होता. तिघं एका फोटोत शेवटचे आले, तेव्हा धाकट्याच्या डोक्यावर केस होते.

“फोनमध्ये नको,” आईने बजावलं होतं. “फोनमधले फोटो फोनबरोबरच जातात. कागदावरचा हवा. तुम्ही तिघं परत कधी एकत्र याल आणि तेव्हा मी असेन का, कोणी सांगावं.”

हे ऐकून चष्मेवाल्यांना गलबलून आलं आणि त्या भरात त्यांनी कॅमेरा घेऊन टाकला. बायकोचं म्हणणं साधं होतं. हाताशी सवयीची वडी असताना, ज्याचं माहितीपुस्तक दोनशे पानी आहे अशा यंत्रावर आईचा फोटो सोपवू नये.

“ठीक आहे, परीक्षा घेऊ,” चष्मेवाले म्हणाले. “लोकच ठरवतील.”

परीक्षा म्हटली की त्यांना एकच परीक्षा ठाऊक होती. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या नाकावर भिंगं चढवून विचारलं होतं, “पहिलं बरं की दुसरं?” या प्रश्नावर त्यांची श्रद्धा होती. शर्ट घेताना, पडदे निवडताना, एकदा तर बहिणीसाठी आलेली स्थळं बघतानाही त्यांनी तो विचारला होता. आता त्यांनी बायकोला दुकानातल्या फ्रेमांच्या कपाटासमोर उभं करून दोन फोटो काढले. नव्या कॅमेऱ्याचा तो पहिला, वडीचा तो दुसरा. दोन्ही एकाच आकारात छापून घेतले. नवा चष्मा घालून बघणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन्ही दाखवायचे आणि ज्याला जास्त मतं पडतील त्यानेच आईचा फोटो काढायचा, असं ठरलं. बायकोने हे इतक्या चटकन मान्य केलं की चष्मेवाल्यांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिले आले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी फोटो लांब धरले, जवळ धरले आणि निकाल दिला.

“दुसरा.”

“असं घाईने नका सांगू, मास्तर. नीट बघा.”

“नीटच बघितलं. पहिल्यात वहिनींच्या मागचं कपाट धूसर आहे.”

“ते मुद्दाम धूसर केलंय. तीच तर त्या कॅमेऱ्याची कमाल.”

“कपाट न दिसण्यात कमाल कसली? दुसऱ्यात मला आतली एकेक फ्रेम मोजता येते.” एवढं बोलून मास्तर एकाएकी गंभीर झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “चष्मेवाले, हा चष्मा तुम्ही मला गेल्याच महिन्यात दिलात. नंबर तर नाही ना चुकला?”

चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवून पुन्हा तपासलं. मास्तरांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळही खडाखडा वाचली.

“बघा, नंबर अगदी बरोबर आहे.”

“तक्ता दिसतो आणि कपाट दिसत नाही,” मास्तर म्हणाले. “याचा अर्थ तक्ता मला पाठ झाला असणार.”

पुढच्या गिऱ्हाईक म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांनीही दुसराच फोटो निवडला आणि जाताना, मागचं न दिसणं हे मोतीबिंदूचं लक्षण असतं का, असं हळूच विचारलं. बँकेतला रोखपाल तर त्याहून बारकाईने बघणारा निघाला. पहिल्या फोटोत वहिनींचा एक डोळा स्पष्ट आहे आणि दुसरा किंचित कमी, तेव्हा आपल्या डाव्या डोळ्यात काहीतरी बिघाड आहे, अशी त्याची खात्री पटली. वास्तविक हाही त्या महागड्या भिंगाचाच गुण होता, पण चष्मेवाल्यांना तो समजावता आला नाही. एका डोळ्यापुरतंच नीट दिसणारं भिंग चांगलं, हे वाक्य चष्म्याच्या दुकानात उभं राहून बोलणं अवघड होतं.

मास्तर रोज सकाळी फिरायला जात. फिरायला जाणाऱ्या मंडळींत एकाने सांगितलेली गोष्ट बातमी असते आणि दोघांनी सांगितली की तिचं संशोधन होतं. बुधवारी सात जण डोळे पुन्हा तपासून घ्यायला आले. गुरुवारी जे आले त्यांनी फोटो पाहिलाही नव्हता. “तुमच्या चष्म्यातून मागचं धूसर दिसतं म्हणे,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं. एका गृहस्थांनी परत करायला आणलेला चष्मा आठ वर्षांपूर्वीचा होता आणि तोही दुसऱ्याच दुकानातला.

शुक्रवारी चष्मेवाल्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘या फोटोतील मागचा भाग कॅमेऱ्यामुळे धूसर आला आहे. त्यात चष्म्याचा दोष नाही.’ पुठ्ठा त्यांनी पहिल्या फोटोखाली चिकटवला. बायकोने तो दोनदा वाचला.

“म्हणजे दोष कॅमेऱ्याचा.”

“तसं कुठे लिहिलंय मी?”

“चष्म्याचा नाही म्हटल्यावर उरलं कोण?”

मतमोजणीत वडीला एकोणीस मतं मिळाली आणि नव्या कॅमेऱ्याला एक. ते एक मत कोणाचं, हे विचारण्याचा कोतेपणा बायकोने केला नाही.

शनिवारी धाकटा आला, रात्रभर गप्पा झाल्या आणि रविवारी सकाळी नऊला त्याला न्यायला गाडी यायची होती. फोटो दुकानासमोरच काढायचा, असा आईचा आग्रह होता. दुकान वडिलांनी सुरू केलेलं. तिन्ही मुलांनी तिथल्या काउंटरवर बसून शाळेचा अभ्यास केला होता. बायको वडी घेऊन खाली आली तर चष्मेवाले तिपाईवर नवा कॅमेरा चढवत होते.

“आपलं ठरलं होतं,” बायको म्हणाली.

“तुझा काढ की. माझा नुसता जोडीला. आईसाठी.”

आईला पुढे केल्यावर बायको बाजूला झाली. चष्मेवाल्यांनी भिंग पूर्ण उघडं ठेवलं. मागचं आज अगदी मुद्दाम धूसर करायचं, असा त्यांचा निश्चय होता. मग ते माहितीपुस्तकाची पानं उलटत राहिले आणि बाकीचे तिघं अर्धा तास उन्हात उभे राहिले.

“दादा, माझं विमान आहे,” धाकटा म्हणाला.

“दोन मिनिटं. हा कॅमेरा डोळा शोधतो. एकदा डोळा सापडला की सोडत नाही.”

शेवटी बायकोनेच चष्मेवाल्यांना ओढून रांगेत उभं केलं आणि वडीने एक फोटो काढला. तेवढ्यात वडीची बॅटरी संपली. मग नव्याची पाळी. तो बायकोच्या हाती न देता चष्मेवाल्यांनी दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि ते धावले. धावताना त्यांची एक चप्पल मागे राहिली. ती आणायला ते वळले आणि मग तिच्याशिवायच परत आले.

“पळ दादा, घंटा झाली,” धाकटा ओरडला. बहीण हसत सुटली, आईही हसली आणि त्याच वेळी कॅमेरा वाजला. लगेच गाडी आली. मिठ्या झाल्या, डोळे पुसले गेले आणि धाकटा निघून गेला.

कॅमेऱ्याने डोळा शोधला होता. चौघांच्या डोक्यावर दुकानाची पाटी होती आणि पाटीवर वडिलांच्या काळात रंगवलेला परातीएवढा डोळा होता. फोटोत त्याची एकेक पापणी मोजता येत होती. रंगाचे पोपडेसुद्धा दिसत होते. त्या डोळ्याखाली चार माणसं होती. ती ओळखू येत होती, पण कुठल्या वयाची ते सांगता आलं नसतं.

चष्मेवाल्यांना मनापासून वाईट वाटलं. आईने एकच गोष्ट मागितली होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हौसेपायी उधळली होती. बायकोने वडीची बॅटरी तेवढी चार्जिंगला लावली, ते तर फारच झोंबलं. दोन्ही फोटो छापून आणून त्यांनी आईपुढे ठेवले आणि सवयीने तोंडातून गेलं, “आई, पहिला बरा की दुसरा?”

आईने चष्मा लावला. बराच वेळ ती दोन्ही फोटो बघत राहिली. मग तिने नव्या कॅमेऱ्याच्या फोटोवर बोट ठेवलं.

“हा.”

“आई, तो बिघडलाय. सगळे धूसर आलोय.”

“दिसतंय मला. चष्मा तूच दिलायस ना?” आईने वडीचा फोटो बाजूला सारला. “त्यात सगळं स्पष्ट आहे. तुझं पोट, तुझ्या बहिणीचे पांढरे केस. आणि धाकटा माझ्याजवळ उभा राहून घड्याळ बघतोय, तेही स्पष्ट आहे. यात तिघं हसताय आणि वय कोणाचं कळत नाही. शाळेतून धावत यायचात तेव्हा असेच दिसायचात.”

चष्मेवाल्यांनी तो फोटो उचलून पुन्हा पाहिला.

“मोठा करून दुकानात लाव,” आई म्हणाली.

“घरात लावू या ना.”

“घरात बघायला कोण येतं?”

“अभिनंदन,” बायको म्हणाली. “जिंकलात.”

चार दिवसांनी फोटो फ्रेम होऊन तपासणीच्या खुर्चीसमोर लागला. तो कसा दिसतो हे बघायला आई स्वतः खाली येऊन स्टुलावर बसली. नेमके त्याच वेळी मास्तर चष्म्याचा ढिला झालेला स्क्रू बसवून घ्यायला आले. त्यांनी स्क्रू बसवून घेतला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि दोन पावलं पुढे गेले.

“माझी तिन्ही मुलं आहेत,” आई म्हणाली. “छान आलाय ना?”

“काकू, खरं सांगू?” मास्तरांचा आवाज कापरा झाला. “मला सगळेच धूसर दिसताहेत.”

चष्मेवाल्यांनी आईकडे पाहिलं. आईने मास्तरांकडे मोठ्या मायेने पाहिलं.

“वयोमानाने होतं हो तसं,” ती म्हणाली. “अरे, बघ की जरा त्यांचा नंबर.”

चष्मेवाल्यांनी खुर्ची मास्तरांकडे वळवली.

“बसा मास्तर,” ते म्हणाले. “थोडा वाढलेला दिसतोय.”

“मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो,” मास्तर म्हणाले आणि समाधानाने खुर्चीत बसले.