पाच हजार एकेचाळीस डोळे

बाहुल्यांच्या कारखान्यात काचेचे डोळे पेट्यांत भरता भरता पॅकिंगवाली शेवटच्या पेटीपाशी आली, आणि टेबलावर एक डोळा उरला. निळा. तिच्याकडेच बघणारा.

सहा महिन्यांच्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस. मुकादमाने सकाळीच बजावलं होतं, "चारला गाडी निघेल. एक डोळा सुटा राहिला किंवा एक पेटी अर्धवट गेली, तर कायम होणं विसरा, बाई."

मोजणी यंत्रावर आकडा होता पाच हजार एकेचाळीस. बारा-बाराच्या चारशे वीस पेट्या भरल्या, वर हा एक. तिने सगळं उपसून दहा-दहाच्या पेट्यांत भरलं. एक उरला. मग शहाणपण सुचून तिने सगळं परत बारा-बाराच्या पेट्यांत लावलं आणि कागदावर भागाकार केले. नऊ, आठ, सात, सहा. प्रत्येकाच्या तळाशी एक. जणू कोणीतरी दाराशी उभं होतं आणि जायला तयार नव्हतं.

मुकादम डोकावला. "झालं का?"

"साहेब, एक जास्त आहे."

"जास्त कसा? यंत्र चुकत नाही. त्याला पेटी शोधा. आणि एप्रनच्या खिशात घालू नका, मी आकडा जुळवूनच सही करतो." मग त्याचा आवाज उतरला. "तो आधी पालथा घाला हो. बघतोय."

"घातला होता. तीनदा."

मुकादम तिथून झपाझप निघून गेला.

डोळे घडवणारा म्हातारा मागच्या खोलीत बसे. सगळे त्याला काचकाका म्हणत. ती धावत तिकडे गेली. "काका, अकरा डोळे द्या. शेवटची पेटी भरते."

"भट्टी विझली. एकाहत्तर दिवस, रोज एकाहत्तर. काम संपलं."

एकाहत्तर गुणिले एकाहत्तर! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकाहत्तरला कशानेच भाग जात नाही, आणि त्याचा वर्गही त्याच्याखेरीज कोणाला दाद देत नाही.

"अहो, एकाहत्तर कोण करतं? डोळे जोडीने लागतात!"

"करतो बहात्तरच. रोज एक मागे ठेवतो."

"कुठे मागे?"

"माझ्या मागे."

तिने वर पाहिलं. त्याच्या पाठीमागच्या फळीवर एकाहत्तर डोळे ओळीने मांडले होते. सगळे तिच्याकडे बघत होते.

"कोणी बघत नसलं की माझा हात आळसावतो," काचकाका म्हणाला.

"यातले अकराच—"

"छे! मग उरलेल्या साठांना तोंड कोण देणार? नेशील तर सगळे ने. पण त्यांची जागा तू भरायची."

"भरते!" ती बोलून गेली. साडेतीन वाजले होते.

तिने तेही मोजणी यंत्रातून काढले. आकडा झाला पाच हजार एकशे बारा. बारा-बाराच्या चारशे सव्वीस पेट्या, शिल्लक शून्य. चारला पाच मिनिटं असताना मुकादमाने सही केली आणि रिकाम्या टेबलाकडे बघून कपाळ पुसलं.

दुसऱ्या दिवशी नेमणुकीचा कागद तिच्या हातात पडला. 'खाते: काच. काम: मागे बसणे.'

ती फळीखाली स्टुलावर बसली. समोर काचकाकाची पाठ होती. भट्टी पेटली.

"आलीस?" त्याने मान न वळवता विचारलं.

"आले."

"दोनच?" तो कुरकुरला. "एकोणसत्तर कमी आहेत. निदान पापणी तरी लवू देऊ नकोस."

तिने डोळे ताणले. धूर झोंबला, आणि एकदाच पापणी लवली.

"बघ," पाठमोरा काचकाका म्हणाला, "आत्ता शून्य झाले."