बुलेटच्या थैल्या मत्स्यगंधातून सोडविल्या, ती हकिकत

श्री लालबागनिवासी गजानन प्रसन्न. गिरण्यांचा संप होऊन वर्षे लोटली, भोंगे मुके जाहले, आणि थोरामोठ्यांनी त्याविषयी बहुत लिहिले. परंतु त्या धामधुमीत एका बुलेटच्या चामडी थैल्यांवर काय प्रसंग गुदरला, हे कोणी लिहिले नाही, सबब आम्ही लिहितो. आम्ही त्याच चाळीचे रहिवासी, म्हणून मजकूर अस्सल. कोठे पदरचे घातले असेल तर ते शोभेपुरते समजावे.

राजश्री कोंडीराम, सरदार-इ-साचेखाते, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारे, यांनी सुबत्तेच्या काळी माहीमच्या गॅरेजातून जुनी बुलेट फटफटी आणिली. तीस चामड्याचे आसन आणि दोहो बाजूंस चामड्याच्या दोन थैल्या. मग संप जाहला, मग गिरणीचा दरवाजा उघडलाच नाही, आणि राजश्री रोज सकाळी त्या वाहनास फडके मारीत बसू लागले. त्या फडक्यात किती दुःख होते हे त्यांचे कुटुंब मालनबाई यांस ठाऊक, म्हणून गाडी विकण्याची गोष्ट बाईंनी बहुत दिवस तोंडातून काढिली नाही. अखेरीस त्यांनी मसाले करून विकण्याचा उद्योग मांडिला, आणि ठाकूरद्वारच्या दमयंतीबाईंकडून गोड्या मसाल्याची पहिली मागणी आणिली. मग मालनबाईंचा हुकूम सुटला की, मसाला बुलेटवरून रवाना व्हावा. गाडी कामास आली तर राहील, न आली तर दिवाळीपूर्वी गिऱ्हाईक पाहावे.

पावसाळाभर फडके बंद ठेवून गाडी ताडपत्रीखाली झाकली होती; ती ताडपत्री राजश्रींनी उचलिली, तो काय पाहतात! अवघ्या पावसाळ्यात बुरशीच्या फौजेने आसन काबीज केलेले, आणि थैल्यांच्या आत पांढरे ठाणे बसलेले. त्यांनी फडक्याने बुरशी मारून काढिली, परंतु चामडे कोरडे पडून तडकू लागले. तेव्हा मसलतीस माहीमच्या कोळीवाड्यातील परमस्नेही हरेश्वर यांस पाचारण केले. ते बाटली घेऊनच हजर जाहले. बाटलीत मुशी माशाच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचे तेल, जे कोळी लोक होडीच्या फळ्यांस चोपडितात.

"होडीला लावतो आमी, पानी शिरत नाय," हरेश्वर वदले. "तुझी बॅग काय दर्यान जानार हाय?"

हे बोलणे राजश्रींस पटले. ज्यांचा जन्म मासळी खाण्यात गेला त्यांस तिचा वास येत नाही, हे दोघांसही कळले नाही. आणि त्यांनी आसनास, पट्ट्यांस, थैल्यांस आतून-बाहेरून यथेच्छ तेल पाजिले. चामडे लोण्यासारखे मऊ जाहले. दोघे बहुत खूष होऊन चहास गेले.

परत येतात तो चाळीतल्या तमाम मांजरांनी बुलेटीस वेढा दिलेला. एक बोका आसनावर तख्तनशीन, एक मांजरी थैलीत बाळंतपणाच्या बेताने शिरलेली. मालनबाई खाली आल्या, आणि त्यांनी थैलीत नाक घातले, मग नवऱ्याकडे पाहिले. दमयंतीबाईंस चामड्याच्या थैलीचे काही वाटत नसे, परंतु मासळीचा वास उंबऱ्याआत येऊ देणे त्यांच्या घराण्यात नव्हते. राजश्रींचा चेहरा उतरला. गाडी गेली, असे त्यांनी मनाशी धरिले.

 बाईंनी घरातला बेसनाचा डबा आणिला, आणि कोरडे बेसन चामड्यावर चोळून, तेल शोषले की झाडून, पुन्हा नवे चोळिले. मग सिरक्यात पाणी घालून पुसून घेतले, मग गाडी जिन्याखाली सावलीत वाऱ्यावर ठेविली. राजश्रींनी उन्हात ठेवण्याची सूचना मांडिली, ती नामंजूर जाहली; उन्हाने चामडे पापडासारखे होते, असा शेरा मिळाला. बोक्यास वहाण दाखवून तख्तावरून उतरविले. हा उद्योग बाईंनी काही दिवस चालविला, आणि वास हटल्यावर बोटभर खोबरेल चामड्यास लाविले.

मग मसाला डब्यांत भरून, डबे धुवट धोतरात गुंडाळून थैल्यांत घातले, आणि उभयतांची स्वारी ठाकूरद्वारास पोहोचली. दमयंतीबाईंनी डबा उघडिला, वास घेतला, पुन्हा घेतला. 

"मालनबाई," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी जास्त आणा, आमच्या वाडीतही हवा आहे."

परतताना राजश्री गाडी हाकीत होते. मागून बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेविला, जो संपापासून ठेविला नव्हता, आणि म्हणाल्या, "गाडी इकू नकात. पण हेच्यापुढे तेल मी लावतलंय."

येणेप्रमाणे थैल्या सुटल्या, आसन शाबूत राहिले, वाहन सरकारात कायम जाहले, आणि तेलाचा अधिकार राजश्रींकडून निघून बाईंकडे वंशपरंपरा रुजू जाहला. राजश्रींनी तो आनंदाने सोडिला. फडके मात्र त्यांच्याकडेच राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून ते मारावयास त्यांस सवड मिळेना, कारण मागण्या पोहोचवावयाच्या होत्या.