कतीबांचा आगाऊ निकाल

इद्रीस कतीबांनी सकाळी मासहुनी-रोशी, म्हणजे खोबऱ्यात कालवलेला मासा आणि पोळी, खाल्ली आणि निवडणुकीचा निकाल लिहायला घेतला. मतदान सुरू व्हायला अजून तासभर होता.

बेटाचे कतीब, म्हणजे प्रमुख, म्हणून सव्वीस वर्षं ते हेच करत आले होते. तेव्हा कागदावर एकच नाव असे, त्याला 'हो' म्हणायचं नाहीतर 'नाही'. यंदा पहिल्यांदाच हिरवा आणि नारिंगी असे दोन पक्ष होते, एवढाच काय तो फरक. कतीबांनी घरोघरची नावं आठवून दोन रकान्यांत लिहिली आणि खाली बेरीज मांडली: हिरवा एकशे त्रेसष्ट, नारिंगी एकशे अठ्ठेचाळीस. नारिंगीचा उमेदवार त्यांचाच जावई नझीम होता, पण हिशेब म्हणजे हिशेब.

शाळेतल्या मतदान केंद्रावर पोचताच त्यांनी तो कागद राजधानीहून आलेल्या अधिकाऱ्याच्या हाती दिला.

"घ्या शिफाझभाई, निकाल. तुमची होडी लवकर सुटेल."

शिफाझ उडालाच. "अहो, मतदान व्हायचंय अजून!"

"ते होईलच की! त्याला कोण नको म्हणतंय?"

"कतीबसाहेब, हे आकडे जुळले ना, तर सगळं आधीच ठरलं होतं असं मी लिहीन. मतदान रद्द! आणि तुमचं पदही गेलं समजा."

कागद अधिकाऱ्याच्या खिशात गेला आणि कतीब अडचणीत आले. कारण त्यांचा अंदाज आजवर एकदाही चुकला नव्हता. शेजारच्या बायकांच्या रांगेत त्यांची बायको झुलेखा उभी होती, तिनेही सगळं ऐकलं.

कतीब आत गेले. नारिंगीच्या रकान्यात पहिलं नाव त्यांचंच होतं. "माफ कर रे पोरा," असं पुटपुटत त्यांनी हिरव्यावर खूण केली. बाहेर आले ते छाती काढूनच. आता कसे जुळतात आकडे, बघू!

संध्याकाळी अख्खं बेट शाळेच्या अंगणात जमलं. मोजणी झाली. शिफाझने कागद उलगडला आणि त्याचा चेहरा पडला.

"हिरवा एकशे त्रेसष्ट, नारिंगी एकशे अठ्ठेचाळीस. कतीबसाहेब, मतदान रद्द. मला पेटी राजधानीला न्यावी लागेल."

"शक्यच नाही!" कतीब ओरडले. "मी स्वतः हिरव्याला मत दिलंय! मुद्दाम, आकडा चुकावा म्हणून!"

गर्दीतून झुलेखा पुढे आली. "अहो, काय केलंत हे! मी नारिंगीला दिलं ना, तुमची नोकरी वाचावी म्हणून!"

अंगणात हशा पिकला. शिफाझने कागदावर बोट फिरवलं. हिरव्याच्या रकान्यात झुलेखाचं नाव ठळक होतं. "साधी होडी बांधता येत नाही, देश कसला बांधतोय," असं ती जावयाबद्दल वर्षभर बोलत होती. शिफाझने शाईने दोन्ही नावांवर काट मारली.

"दोन चुका," तो हसू दाबत म्हणाला. "आधी ठरवलेल्या निकालात चुका नसतात. मतदान ग्राह्य."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चुकल्याचा कतीबांना कोण आनंद झाला! घरी मात्र नझीम जेवायलाच बसेना.

"मी हरलो त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण मामा, तुम्ही? आणि मामी, तुम्ही मला मत दिलंत!"

झुलेखाने त्याच्या ताटात गरम रोशी वाढली.

"हुरळून जाऊ नकोस. तुला नाही दिलं, यांना दिलं," ती कतीबांकडे बघत म्हणाली. "तू आधी होडी बांधायला शीक."