तात्यांचा गॅस गेलाय

आमच्या शेळगावात पाहुणा घरी आला की आधी पाणी पितो. शेजारचे रंगनाथतात्या आधी स्वयंपाकघरात शिरतात, गॅसची टाकी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतात, तिला कान लावतात आणि "आठवडा निघंल" असं जाहीर करून मगच बाहेर येऊन पाणी मागतात. माझं नवीन लग्न झालं तेव्हा माझी बायको सुनीता हा प्रकार पाहून मागच्या दारानं अंगणात पळाली होती.

टाकीच कशाला, तात्या सगळंच हलवून बघतात. नारळ, काड्यापेटी, औषधाची बाटली, लग्नात आलेला आहेर. फोनमधला रिचार्ज संपला का, हेही त्यांनी एकदा फोन हलवून पाहिलं. "हलवल्याबिगर माल कळत न्हाय," हे त्यांचं ब्रीद. त्यामुळे मुलगी बघायच्या कार्यक्रमाला त्यांना सोबत न्यायला लोक बिचकतात.

तात्या एकटे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, लेक सोलापूरकडे दिलेली. एवढ्याशा संसाराला गॅस तो किती लागणार? पण त्यांच्या पडवीत भरलेली टाकी कायम तयार. आमच्या आळीत कुणाचा गॅस संपला की तो सरळ तात्यांचं दार गाठणार, त्यांची टाकी नेणार आणि इंदापूरहून स्वतःची आली की परत आणून ठेवणार. त्यांची अट एकच. "टाकी फुकट हाय. पन च्या घेतल्याबिगर न्यायची न्हाय." घरी कणीक भिजवून बायको वाट बघतेय, आणि इथं तात्या निवांत आलं ठेचताहेत, हा अनुभव आळीतल्या प्रत्येक नवऱ्यानं घेतलेला आहे.

अशात बारामतीकडून पाइपचा गॅस गावापर्यंत आला. आमची घरं तात्यांच्या मागं. पाइप यायचा तर त्यांच्या अंगणातूनच, दुसऱ्या बाजूला सगळा खडक. सगळ्या आळीनं होकार दिला आणि तात्यांनी नकार.

कारण विचारलं तर रोज नवं. आधी रामफळाची मुळं तुटतील म्हणाले. मग कुत्रं पाइप उकरंल म्हणाले. शेवटी कंपनीचा इंजिनिअर समजवायला आला, सोबत मी.

"पायपातला गॅस हलवून बघायचा कसा?" तात्यांचा पहिला प्रश्न.

"काका, मीटर असतो ना भिंतीला."

"मग मीटर हलवू?"

इंजिनिअरनं माझ्याकडे पाहिलं. मी रामफळाकडे पाहिलं. मग त्यानं सुरक्षिततेचं सांगायला घेतलं. हा गॅस हवेपेक्षा हलका, गळाला तर वर जातो, म्हणून वरची खिडकी उघडी ठेवायची.

"थांब. टाकीवाला म्हनला हुता गॅस खाली बसतोय, म्हनून मी दाराखाली फट ठेवली. आन तू म्हनतो वर जातोय. ह्यो गॅस हाय का पुढारी? आज हितं, उद्या तितं!"

"काका, तो गॅस वेगळा, हा वेगळा."

"दोन्हीवर च्या एकच व्हतोय न्हवं?"

"हो."

"मग येगळा कसा?"

इंजिनिअर चांगला शिकलेला होता, पण चहा संपेपर्यंत तोही डळमळला. बाहेर आल्यावर त्यानं साहेबांना फोन लावला आणि हळूच विचारलं, "सर, आपला वरच जातो ना?" मी घरी येऊन वरची खिडकी उघडली, खालची फट बुजवली, मग आपली अजून टाकीच आहे हे आठवून पुन्हा उलटं केलं.

आळी तात्यांवर चिडली. मीही चिडलो, बोलणं बंद केलं. आणि नेमकं आमचं पुरण अर्धं शिजलेलं असताना टाकी संपली. झक मारत गेलो. वाटलं, तात्या टोमणा मारतील. तर त्यांचा चेहरा खुलला. "ये की! बस. आलं घालू का येलदोडा?"

चहा घेतला, टाकी उचलली आणि माझ्या कमरेत अशी उसण भरली, की मी पडवीतच वाकडा झालो. मग तात्यांनी एका हातानं टाकी आणि दुसऱ्या हातानं मला असं आमच्या घरी आणलं. टाकी जोडली, साबणाचा फेस लावून गळती पाहिली आणि माझ्या कमरेला तेल चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच इंजिनिअरला बोलावून घेतलं. "खांदा अंगण. पन रामफळाला धक्का लागता कामा न्हाय, नरसिंहाची आन हाय."

त्यांचं मन एकाएकी कसं बदललं, मला कळेना. सुनीता म्हणाली, "तुमच्या कमरेनं बदललं."

गॅस आला. चार दिवस आळी भांबावलेली होती. सगळ्यांच्या शेगड्यांची आतली तोटी बदलली, तर काहींना वाटलं शेगडीच बिघडवली. सवयीनं लोक अजून टाकीचा नंबर लावत होते. तात्यांनीही जोडणी घेतली. हळूहळू सगळं अंगवळणी पडलं आणि तात्यांच्या दारात जायचं कुणाला काही कारण उरलं नाही. ते उरलं नाही, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एका सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. "सतीश, गॅस गेलाय रं!"

जाऊन पाहिलं तर भिंतीवरची चावी बंद. उघडली, पेटवून दाखवलं, आडवी म्हणजे बंद आणि उभी म्हणजे चालू हे समजावलं. तात्यांनी मान डोलावली, चहा पाजला. आठवड्यानं पुन्हा हाक. पुन्हा चावी बंद. पुन्हा आडवी-उभी. सुनीता हळहळली, "वय झालं हो त्यांचं." जो माणूस कानानं टाकी ओळखायचा, त्याला एवढी चावी कळू नये?

परवा पुन्हा हाक आली. मी कामाला निघालोच होतो, तसाच गेलो. चावी बंदच होती. उघडायला पुढं झालो आणि शेगडीला हात लागला. चांगलाच चटका बसला. शेजारी तव्यावर भाकरी, आताच टम्म फुगलेली. कोपऱ्यातल्या कढईत पिठलं अजून रटरटत होतं.

मी वळून तात्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ओट्यावर दोन कप पुसून पालथे घातले होते आणि पातेल्यात चहाचं पाणी मोजून ठेवलेलं, दोघांना पुरेल एवढं.

बोट पाण्यात बुडवून मी चावी उभी केली, गॅस पेटवला, पातेलं वर ठेवलं आणि पाट ओढून बसलो.

"तात्या, ही चावी लई अवघड हाय. मला रोज येऊन बघावी लागंल."

तात्यांनी आलं ठेचायला घेतलं.

"यावं लागंल की," ते म्हणाले. "मला म्हाताऱ्याला काय कळतंय त्यातलं?"